'पान' झाडाचे, वहीचे की जेवणाचे? वाक्यातला शब्दार्थ न्यूरल नेटवर्कला ओळखायला लावताना

प्रश्न थोडक्यात असा: मराठी मजकुरासाठी शोधयंत्रणा बांधायची आहे. 'पान', 'मान', 'नाव', 'कर' यांसारखे शब्द एखाद्या वाक्यात कोणत्या अर्थाने आले आहेत, हे न्यूरल नेटवर्कने (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलने) ओळखायला हवे. काही हजार वाक्ये जमवली आहेत, पण त्यांना अर्थाची लेबले नाहीत. हाताशी ८ जीबीचे एक जीपीयू (असे मॉडेल चालवायला लागणारे ग्राफिक्स कार्ड) आहे. कोणते मॉडेल घ्यावे आणि सुरुवात कुठून करावी?

मॉडेलचा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो, म्हणून तो नंतर घेऊ. यश-अपयश ठरते ते अर्थांच्या यादीवर, मराठीच्या विभक्तिरूपांवर आणि चाचणीची वाक्ये कशी निवडली यावर. नेटवर्क चालू करण्याआधी या तीन गोष्टींना निम्म्याहून जास्त वेळ द्या.

आधी अर्थसूची

'पान' शब्द घ्या. झाडाचे पान, पुस्तकाचे पान, विड्याचे पान, जेवणाचे वाढलेले पान, पत्त्यांमधले पान. पाच अर्थ झाले. आयआयटी मुंबईच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्रात तयार झालेले मराठी वर्डनेट उघडले तर समानार्थी शब्दांचे गट आणि त्यांच्या व्याख्या मिळतात. सुरुवातीला तेच वापरा, पण जसेच्या तसे उचलू नका. शब्दकोशाला बारीक छटा वेगळ्या नोंदवाव्या लागतात. तुमच्या शोधयंत्रणेला त्यातल्या बऱ्याच नको असतात. छटा वेगळी ठेवायची की जोडून टाकायची, याची कसोटी एकच ठेवा: हे दोन अर्थ वेगळे ओळखल्याने शोधणाऱ्याच्या हाती वेगळी कागदपत्रे पडणार आहेत का? नसतील, तर एकच लेबल.

अर्थ फार बारीक कापले की माणसांचेही एकमत होत नाही. इंग्रजीत या कामावर कित्येक दशके मेहनत झाली आहे. तिथला सेमकोर हा संग्रह सुमारे सव्वादोन लाख शब्दांना हाताने अर्थ लावून तयार केलेला आहे. तरीही प्रचलित चाचणी-संचांवर 'सगळीकडे सर्वांत वारंवार येणारा अर्थच सांगा' हा आळशी नियम ६५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि चांगली न्यूरल मॉडेल्स ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. माणसे ज्यावर सहमत नाहीत, तिथे मॉडेलकडून त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तुमची यादी ठोक अर्थांची असेल तर आकडे यापेक्षा बरेच चांगले येतील.

यादी झाली की सीमेवरच्या वाक्यांसाठी लेखी नियम करा. 'केळीच्या पानावर जेवलो' यात पान झाडाचे की जेवणाचे? दोन्ही बाजूंनी बोलता येते. कोणतीही एक बाजू धरा, लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. दोघांनी स्वतंत्रपणे तीच १०० वाक्ये लेबल करावीत आणि जिथे फरक पडला ती वाक्ये समोर ठेवून नियम दुरुस्त करावेत. 'सांगता येत नाही' हे सहावे लेबलही हवेच. 'शेवटचे पान फाटले होते' या एकट्या वाक्यावरून वही की केळीचे पान, हे कोणालाच ठरवता येणार नाही. म्हणून प्रत्येक वाक्यासोबत आधीचे आणि नंतरचे वाक्य साठवून ठेवा.

व्याकरण अर्धे काम फुकट करून देते

इंग्रजीसाठी लिहिलेल्या पद्धती मराठीला जशाच्या तशा लावल्या की हा भाग हमखास सुटतो. आपल्याकडे अनेक अनेकार्थी शब्दांचे लिंग अर्थाप्रमाणे बदलते आणि लिंगाप्रमाणे सामान्यरूप बदलते. गळ्यामागची मान स्त्रीलिंगी: मानेला, मानेवर, मानेचा. आदराचा मान पुल्लिंगी: मानाला, मानाचा, मानाने. ओळखीचे नाव नपुंसकलिंगी: नावात, नावाला. पाण्यातली नाव स्त्रीलिंगी: नावेत, नावेला. फुलांची माळ स्त्रीलिंगी: माळेत. उघडा माळ पुल्लिंगी: माळावर. या रूपांत अर्थ शब्दातच उघडा आहे; तिथे नेटवर्कची गरजच नाही.

प्रत्यय न लागलेल्या रूपातही शेजारचे विशेषण किंवा क्रियापद लिंग सांगून जाते. 'नाव बुडाली' आणि 'नाव बुडाले' ही जोडी पाहा. क्रियापद तेच, शेजारचे शब्द तेच, पण 'ली' म्हणजे होडी आणि 'ले' म्हणजे घराण्याची अब्रू. अशा जोड्या चाचणीसाठी जपून ठेवा. मॉडेल नुसता विषय हुंगते आहे की वाक्य खरोखर वाचते आहे, हे त्या लगेच दाखवतात.

उलट 'पाट' हा बसायचा असो की कालव्याचा, पुल्लिंगीच. दोन्हीकडे 'पाटाला', 'पाटावर'. 'तार' वीजवाहक असो की टपालाची, 'तारेने'च. 'पान' तर पाचही अर्थांत नपुंसकलिंगी. तेव्हा पहिली पायरी अशी: तुमच्या शब्दांचे दोन गट पाडा. लिंगाने सुटणारे एकीकडे, न सुटणारे दुसरीकडे. लेबल लावायची मेहनत दुसऱ्या गटावर खर्च करा.

पहिल्या गटाचा आणखी एक मोठा उपयोग आहे. 'मानेवर', 'मानेला' असलेली सगळी वाक्ये शरीराच्या अर्थाची आणि 'मानाचा', 'मानाला' असलेली आदराच्या अर्थाची, अशी हजारो लेबले कोणी हात न लावता मिळतात. ती वापरून नुसत्या 'मान' या रूपासाठी मॉडेल शिकवता येते. मात्र यात चार खड्डे आहेत.

पहिला, रूप तसेच ठेवले तर नेटवर्क संदर्भ न शिकता 'माने' आणि 'माना' एवढाच फरक शिकते आणि नुसते 'मान' समोर आले की गोंधळते. म्हणून शिकवताना तो शब्द झाकून टाका; त्याच्या जागी मॉडेलचे मास्क टोकन, म्हणजे 'इथला शब्द झाकला आहे' असे सांगणारी खूण, घाला. दुसरा, 'त्या मानाने', 'वयाच्या मानाने' यांत आदर नाही, तुलना आहे. ही वाक्ये आधी गाळा, नाहीतर 'पाऊस त्या मानाने कमी झाला' हे वाक्य सन्मानाच्या गटात जाऊन बसते. तिसरा, 'माने'ने सुरू होणारे सगळे शब्द उचलू नका. त्यात 'तो हे मानेल का' मधले क्रियापद येते आणि माने हे आडनावही येते. प्रत्ययांची बंद यादी करून नेमके शब्दच जुळवा. चौथा खड्डा 'कर'च्या बाबतीत दिसतो: 'कराची थकबाकी' आणि 'कराची बंदर'. अक्षर न् अक्षर सारखे. एकीकडे घरपट्टीचा विषय, दुसरीकडे पाकिस्तानातले शहर. त्यात 'कर' हे आज्ञार्थी क्रियापद इतक्या वेळा येते की शब्दजात ओळखणारी पायरी आधी न चालवल्यास करभरणीचा अर्थ त्या गर्दीत बुडून जातो.

'पाने' हे रूपही असेच फसवते: पानांचे अनेकवचन आणि नट फिरवायच्या पान्याचेही अनेकवचन. गॅरेजच्या मजकुरावर काम असेल तर अर्थसूचीत सहावा अर्थ घालावाच लागेल.

टोकनायझर: इथे अर्थ गुपचूप पुसला जातो

मॉडेल कितीही चांगले असले तरी त्याच्यापर्यंत शब्द धड पोहोचला पाहिजे. मजकुराचे मॉडेलला कळणारे तुकडे (टोकन) पाडण्याचे काम टोकनायझर करतो. बहुभाषिक बर्टच्या (अनेक भाषांवर शिकवलेले तयार मॉडेल; बर्टबद्दल पुढे येईल) दोन आवृत्त्या आहेत. त्यातली 'अनकेस्ड' (इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरे एकच मानणारी) मराठीसाठी अजिबात घेऊ नका. युरोपीय भाषांतल्या अक्षरांवरची चिन्हे काढून टाकण्यासाठी तिचा टोकनायझर युनिकोडमधली एका विशिष्ट वर्गाची सगळी जोडचिन्हे पुसतो. देवनागरीतले उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त त्याच वर्गात मोडतात. परिणाम असा की 'मूळ', 'मेळ', 'मुळे' आणि 'मळ' हे चारही शब्द 'मळ' होतात. 'मानेला'चा 'मानला' होतो, म्हणजे अवयव जाऊन क्रियापद हाती येते! चूक कुठेही दिसत नाही, प्रोग्राम नीट चालतो, फक्त निकाल वाईट येतात. कोणतेही मॉडेल घेतले की पहिल्यांदा 'मानेला', 'शब्द', 'मुळे' हे तीन शब्द टोकनायझरमधून काढून त्याचे तुकडे डोळ्यांनी वाचा. एखादी मात्रा गळलेली दिसली तर चिन्हे राखण्याची सेटिंग शोधा; ती नसेल तर मॉडेल बदला.

दुसरी गोष्ट मराठीचीच आहे. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना, 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' समुद्र. हा अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक ऱ हे वेगळे अक्षर वापरून, दुसरी साध्या र् नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. मजकूर साफ करणाऱ्या बऱ्याच तयार स्क्रिप्ट अदृश्य चिन्हे सरसकट उडवतात आणि तुमचे आचारी एका फटक्यात आचार्य होतात. म्हणून साफसफाईच्या आधी अदृश्य चिन्हाची रूपे ऱ च्या रूपात बदला, मग एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेले असेल तर ते एका रूपात आणणारी युनिकोडची पद्धत) करा, आणि उरलेली अदृश्य चिन्हे त्यानंतरच काढा. क्रम उलटा झाला तर हरवलेला अर्थ परत मिळत नाही.

शब्दाचा एक व्हेक्टर पुरत नाही

शब्द आकड्यांत मांडणारे वर्ड-टु-व्हेक २०१३ साली आले. त्यात प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ, म्हणजे एकच व्हेक्टर, मिळते. 'पान'ची ती ओळ झाड, वही आणि विडा या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी पडते, आणि जो अर्थ कॉर्पसमध्ये (शिकवण्याच्या मजकूरसंग्रहात) जास्त वेळा आला त्याच्याकडे कलते. त्याच जातीचे फास्टटेक्स्ट अक्षरांचे तुकडे वापरते म्हणून मराठीच्या लांबलचक रूपांना ते सोयीचे आहे, पण त्यामुळेच 'मानेला' आणि 'मानाला' यांना ते एकमेकांजवळ आणते. अर्थ ओळखायला ते नेमके उलटे पडते.

२०१८ साली बर्ट आले आणि चित्र बदलले. यात शब्दाचा व्हेक्टर दर वाक्यात नव्याने तयार होतो. नेटवर्कच्या प्रत्येक थरात एक शब्द बाकीच्या सगळ्या शब्दांकडे पाहतो, कोणाला किती वजन द्यायचे हे ठरवतो आणि त्यांच्यातला अंश आपल्यात मिसळून घेतो. 'शेवटचे पान वाचून झाले', 'शेवटचे पान वाढून झाले', 'शेवटचे पान गळून पडले'. तिन्ही ठिकाणी पहिल्या थरात शिरताना 'पान' एकच असते. बाराव्या थरातून बाहेर पडताना एकात 'वाचून' मुरलेले असते, दुसऱ्यात 'वाढून'. आपल्याला हवा तो फरक तिथे सापडतो.

मॉडेल निवडायचेच तर गूगलचे म्युरिल (२०२१, १६ भारतीय भाषा आणि इंग्रजी) किंवा पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचे महाबर्ट घ्या. दोन्हींच्या मूळ आकारात १२ थर आणि ७६८ आकड्यांचे व्हेक्टर आहेत. दोन्ही चालवून पाहायला एक दुपार लागते, त्यामुळे यावर फार वाद नको.

पहिली पद्धत: काही न शिकवता

हीच आधी करा. प्रत्येक अर्थाची ३० ते ४० वाक्ये लेबल करा. 'पान'साठी साधारण २०० वाक्ये होतील. प्रत्येक वाक्य मॉडेलमधून काढा आणि 'पान'च्या जागी आलेला व्हेक्टर उचला. शब्दाचे दोन-तीन तुकडे झाले असतील तर त्या तुकड्यांची सरासरी घ्या. शेवटच्या चार थरांची सरासरी घेतली तर एकट्या शेवटच्या थरापेक्षा निकाल सहसा स्थिर येतात. मग अर्थवार सरासरी काढून ठेवा. नवे वाक्य आले की त्याचा व्हेक्टर काढा आणि कोणत्या सरासरीशी कोसाइन साम्य (दोन व्हेक्टरांची दिशा किती जुळते याचे माप) जास्त आहे ते पाहा.

इथे बरेच जण अडखळतात. सगळी साम्ये एकमेकांना चिकटून येतात, ०.८८, ०.८६, ०.८७ अशी, आणि वाटते की मॉडेलला काहीच कळत नाही. कारण असे की या मॉडेल्सचे व्हेक्टर अवकाशात सगळीकडे पसरलेले नसतात, एका अरुंद सुळक्यात दाटलेले असतात. तुमच्या सगळ्या वाक्यांमधल्या 'पान'च्या व्हेक्टरांची एकूण सरासरी काढून ती प्रत्येकातून वजा करा. उरतो तो फरक, आणि साम्ये मोकळी होतात. एवढी एक ओळ लिहिल्याने किती फरक पडतो हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

एखाद्या अर्थात आतल्या आत दोन वळणे असतील, जसे वर्तमानपत्राचे पान आणि वहीचे पान, तर सरासरी कुठेच नीट बसत नाही. तिथे सरासरीऐवजी जवळची ५ लेबल केलेली वाक्ये काढा आणि त्यांचे बहुमत घ्या.

दुसरी पद्धत: वाक्य आणि व्याख्या यांची जोडी

शब्द जास्त असतील आणि प्रत्येकासाठी ४० वाक्ये शक्य नसतील, तर ही पद्धत घ्या. व्याख्येशी संदर्भ ताडून पाहण्याची कल्पना लेस्कने १९८६ मध्ये मांडली: आसपासचे शब्द ज्या व्याख्येत जास्त सापडतील तो अर्थ. मराठीत ते सरळ चालत नाही, कारण व्याख्येत 'झाडाचा' असते, वाक्यात 'झाडावर', आणि अक्षरे जुळत नाहीत. २०१९ च्या ग्लॉसबर्टने हीच कल्पना नेटवर्कमध्ये नेली. एका बाजूला वाक्य, त्यात हवा तो शब्द अवतरणचिन्हात. दुसऱ्या बाजूला एक व्याख्या. मॉडेलने सांगायचे की जुळते की नाही.

२०० वाक्ये आणि ५ अर्थ असतील तर १००० जोड्या होतात: २०० हो, ८०० नाही. उत्तर देताना पाचही व्याख्या लावून पाहायच्या आणि 'हो'चा गुण सर्वांत जास्त असेल ती निवडायची. लर्निंग रेट (दर पावलाला मॉडेल किती बदलायचे) ०.००००२, सगळ्या जोड्यांच्या ३ ते ४ फेऱ्या, बॅच (एका वेळी दिलेल्या जोड्या) १६, लांबी १२८ टोकन यावर सुरुवात करा. ८ जीबीत मिश्र अचूकतेने (काही गणिते कमी अंकांत करून) हे सहसा बसते. नाही बसले तर बॅच ८ करून दोन पायऱ्यांचे ग्रेडियंट (मॉडेल कसे बदलायचे हे सांगणारे आकडे) एकत्र करा. इतक्या थोड्या डेटावर एकाच सेटिंगने दोनदा शिकवले तरी निकाल बरेच हलतात. निदान ५ वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा) चालवा आणि पाचांची सरासरी सांगा. एक चांगला आकडा पाहून हुरळून गेलात तर पुढच्या वेळी तो मिळणार नाही.

व्याख्या स्वतः लिहिल्यात तर उत्तम. 'विडा' एवढी व्याख्या नेटवर्कच्या उपयोगाची नाही. 'चुना, कात, सुपारी घालून जेवणानंतर चघळायचे नागवेलीचे पान' ही आहे.

चाचणीत होणारी फसवणूक

एका लेखात एक शब्द बहुधा एकाच अर्थाने येतो, हे गेल, चर्च आणि यारोव्स्की यांनी १९९२ मध्येच दाखवले. म्हणून वाक्ये पिसून शिकवण्याचा आणि चाचणीचा गट पाडू नका. तसे केले तर एकाच लेखातली भावंडे दोन्हीकडे जातात आणि मॉडेल लेख ओळखून गुण मिळवते. वाटणी लेखांची करा, वाक्यांची नको.

विड्याची वाक्ये बातम्यांत कमी सापडतात, म्हणून 'चुना', 'सुपारी', 'टपरी' टाकून शोधण्याचा मोह होतो. शिकवण्यासाठी ते चालेल. चाचणीसाठी मुळीच नाही, कारण मग मॉडेलला 'टपरी' हा शब्द ओळखता येतो एवढेच सिद्ध होते. चाचणीची २०० वाक्ये सोडतीने काढा आणि शेवटपर्यंत त्यांना हात लावू नका.

त्या २०० पैकी १५० मध्ये पान पुस्तकाचेच निघाले, तर डोळे झाकून 'पुस्तक' म्हणणाऱ्यालाही ७५ टक्के मिळतात. मॉडेलचे ८० टक्के त्या ७५ च्या शेजारी लिहा, आणि प्रत्येक अर्थाचा एफ-१ (चुकीने पकडलेली आणि हातून सुटलेली अशी दोन्ही वाक्ये हिशेबात धरणारा गुण) वेगळा काढून त्यांची साधी सरासरी द्या. विड्याच्या अर्थाचा एफ-१ शून्य असतानाही एकूण अचूकता झकास दिसू शकते.

वाक्प्रचार आधीच बाजूला काढा. 'तोंडाला पाने पुसली' यात कोणतेच पान नाही. 'भाव खाणे', 'मान तुकवणे' यांचेही तसेच. अशा पन्नास-शंभर वाक्प्रचारांची यादी आणि त्यांच्या क्रियापदांची रूपे एवढे पुरते. हे काम नेटवर्ककडून करून घेण्यात वेळ जातो आणि हाती फारसे लागत नाही.

शेवटी, उत्तर न देण्याची सोय ठेवा. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या अर्थातले अंतर चाचणीबाहेरच्या वेगळ्या १०० वाक्यांवर मोजा, कोणत्या अंतराखाली चुका वाढतात ते पाहा, आणि त्याखाली गेले की शोधयंत्रणेला दोन्ही अर्थांची कागदपत्रे दाखवू द्या. ती अडलेली वाक्ये फाइलीत साठत राहतात. पुढची ५० लेबले त्याच फाइलीतून लावा.